पंचेचाळीस मिनिटांच्या बाहेरचं मूल

शहरातल्या कुठल्याही थेरपी सेंटरमध्ये संध्याकाळी पाचनंतर गेलं की चित्र साधारण सारखंच असतं. आत छताला टांगलेले झोपाळे, रंगीत चेंडूंचा हौद, चढायची जाळी. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आया, एखाददुसरे आजोबा, फोनवर बोलत येरझाऱ्या घालणारा एखादा बाप. पंचेचाळीस मिनिटांनी दार उघडतं, घामेजलेलं मूल बाहेर येतं, थेरपिस्ट ताई उंबऱ्यातच दोन-तीन मिनिटं बोलतात आणि पुढचं मूल आत जातं. आई मनातल्या मनात हिशेब करते : दोनऐवजी तीन सत्रं घेतली तर लवकर फरक पडेल का?

हा हिशेब जरा पुढे नेऊ. आठवड्याला दोन सत्रं म्हणजे दीड तास, तीन केली तर सव्वादोन. शाळकरी मूल आठवड्याला नव्वदहून जास्त तास जागं असतं. त्या नव्वद तासांत ते दात घासतं, शर्ट घालतं, डबा उघडतं, फळ्यावरचं उतरवून घेतं, मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी मागे पळतं किंवा कोपऱ्यात उभं राहतं. व्यवसायोपचार, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ओटी म्हणतात तो उपचार, मुळात या नव्वद तासांसाठी आहे. दीड तासात जे घडलं ते तिथे पोचलं नाही, तर सेंटर कितीही सुसज्ज असो, मुलाच्या हाती फार काही लागत नाही. आपल्याकडे मात्र या उपचाराची बाजारपेठ सत्रांच्या संख्येवर उभी राहिली आहे. पालक सत्रं मोजतात, सेंटरं सत्रं विकतात. घर आणि शाळा, जिथे मुलाचं आयुष्य खरं चाललेलं असतं, या हिशेबात कुठेच नसतात.

आधी या उपचारात नेमकं काय करतात ते पाहू, कारण 'बोटांचे व्यायाम' आणि 'मूल शांत करणं' या दोन समजुतींपलीकडे बहुतेकांची माहिती जात नाही. समजा, ओंकार नावाचा एक मुलगा आहे. आठ वर्षांचा, तिसरीत, सेमी-इंग्लिश शाळेत. बोलायला चुरचुरीत, पाढे पाठ, गोष्टी सांगण्यात पटाईत. पण सकाळी शर्टाची बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागतात, म्हणून आई लावून देते. बूट वेल्क्रोचे घेतलेत. वरणभात कालवताना अर्धा भात ताटाबाहेर. शाळेत डब्याचं झाकण उघडत नाही, म्हणून तो कधी डबा तसाच परत आणतो आणि विचारलं तर 'भूक नव्हती' म्हणतो. वहीत अक्षरं शिरोरेषेला लटकण्याऐवजी वरखाली तरंगतात. बाई लाल शाईनं 'अपूर्ण' लिहितात. खेळाच्या तासाला लंगडी घालायची म्हटली की चौथ्या उडीला दुसरा पाय टेकतो.

आजी म्हणते, याचा बापही असाच वेंधळा होता. बाई म्हणतात, आळशी आहे, डोकं आहे पण वापरत नाही. दोघींच्या मायेबद्दल शंका नाही, पण दोघींचंही निदान चुकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. अशा मुलांमध्ये हालचालींची आखणी करण्याची आणि ती सफाईनं पार पाडण्याची क्षमताच वयाच्या मानानं मागे असू शकते. वैद्यकीय भाषेत याला विकासात्मक समन्वय दोष म्हणता येईल. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलांत याचं प्रमाण ५ ते ६ टक्के आहे. चाळीस मुलांच्या वर्गात म्हणजे दोनेक मुलं. त्यांच्या बुद्धीत काही कमी नसतं, आणि म्हणूनच कोणाला संशयही येत नाही.

चांगली व्यवसायोपचार तज्ज्ञ ओंकारला पाहते तेव्हा ती त्याच्या बोटांपाशी थांबत नाही. ती कृती उलगडून पाहते. बटण लावायला एका हातानं काज धरून ठेवावं लागतं, दुसऱ्यानं बटण तिरकं करून आत सरकवावं लागतं, मग दोन्ही हातांची कामं क्षणात बदलतात : ढकलणारा हात सोडतो, धरणारा हात ओढतो. ओंकार कुठे अडकतो? या अदलाबदलीपाशी. मग ती आईला सुचवते की बाकी सगळं तुम्ही करा, बटण अर्धं काजातून काढून ठेवा, शेवटची ओढ फक्त त्याची. आठवडाभर तेवढंच. पुढच्या आठवड्यात ढकलणंही त्याचं. शेवटच्या पायरीपासून मागे मागे येत शिकवलं की मुलाचा प्रत्येक प्रयत्न 'झालं!' वर संपतो. सुरुवातीपासून शिकवलं तर तो 'राहू दे, उशीर होतोय' वर संपतो. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही आणि कालवणाऱ्या हाताला आधार मिळतो. डब्याचं झाकण बदलायचं. त्यात कसली आली हार? आणि बाकावर बसल्यावर त्याचे पाय लोंबकळतात, हे कोणी पाहिलंय का? पाय टेकले नाहीत की धड स्थिर ठेवण्यातच ताकद जाते, लिहिणाऱ्या हाताला पाठबळ राहत नाही. घरी जेवायला बसायचा जुना पाट बाकाखाली ठेवला तरी काम भागतं.

मुलाचं कौशल्य वाढवायचं, कृतीची रीत बदलायची आणि भोवतालची वस्तू किंवा जागा बदलायची, या तिन्ही गोष्टी ती एकाच वेळी हाताळते. त्यातली पहिली सेंटरमध्ये थोडीफार होऊ शकते. उरलेल्या दोन तिथे होऊच शकत नाहीत, कारण ओंकारचा बाक, ओंकारचा डबा आणि ओंकारची सकाळची धांदल सेंटरमध्ये नसते.

हा विचार नवा नाही. व्यवसायोपचाराची पहिली संघटना १९१७ साली अमेरिकेत स्थापन झाली तीच या विश्वासावर, की माणूस अर्थपूर्ण कामात गुंतला तर बरा होतो. आपल्याकडे हा उपचार आणणाऱ्या कमला निंबकर. जन्मानं अमेरिकन एलिझाबेथ लंडी, विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशियातली ही पहिली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. फलटणमध्ये मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं चालवलेली 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची. या क्षेत्रात मुंबईनं इतक्या लवकर पाऊल टाकलं, तरी पंचाहत्तर वर्षांनी ओटी या शब्दाबरोबर मराठी पालकाच्या डोळ्यांपुढे शाळा किंवा स्वयंपाकघर येत नाही, झोपाळा येतो.

झोपाळा आला तो जीन एअर्स यांच्यामुळे. कॅलिफोर्नियातल्या या व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि संशोधक बाईंनी १९७२ साली संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धांत पुस्तकरूपानं मांडला. तोल, स्पर्श, स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या जाणिवा मेंदूत नीट जुळल्या नाहीत तर शिकण्यात आणि वागण्यात अडचणी येतात, आणि खेळातून, झोके घेण्यातून, चढण्या-ढकलण्यातून त्या जाणिवांना खाद्य दिलं तर ही जुळणी सुधारते, असं त्यांचं म्हणणं. सिद्धांत मोठा मोहक आहे. तो मुलाला 'हट्टी' म्हणत नाही, त्याच्या वागण्यामागे कारण शोधतो, आणि पालकांना पहिल्यांदाच कोणीतरी समजून घेतल्यासारखं वाटतं. अडचणीही खऱ्याच आहेत. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली शिरणारं मूल, गणपतीत ढोलताशांचं पथक गल्लीत शिरलं की ओकारी काढणारं मूल, शर्टाच्या मागचं लेबल कापल्याशिवाय अंगात न घालणारं मूल हे काही नाटक करत नसतं. २०१३ पासून स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांतही संवेदनांच्या या तीव्र किंवा मंद प्रतिसादांचा समावेश झाला आहे.

अडचण खरी असणं वेगळं आणि तिच्यावरचा एक विशिष्ट उपचार परिणामकारक असणं वेगळं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१२ मध्येच सांगितलं की संवेदनांवर आधारलेले उपचार एकूण योजनेचा भाग म्हणून चालतील, पण त्यांचा पुरावा मर्यादित आहे आणि हे पालकांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी स्वमग्न मुलांवर जड पांघरुणांची चाचणी घेतली. झोप वाढली नाही. गंमत म्हणजे मुलांना आणि पालकांना ते पांघरूण आवडलं मात्र! २०२२ मध्ये वेल्स आणि इंग्लंडमधल्या १३८ स्वमग्न मुलांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्या मुलांना एअर्स पद्धतीची २६ सत्रं, बाकीच्यांना नेहमीची सेवा. वागणुकीतला चिडचिडेपणा दोन्ही गटांत सारखाच राहिला. पालकांनी स्वतः ठरवलेल्या छोट्या उद्दिष्टांत प्रगती झाल्याचं उपचार घेतलेल्या घरांनी सांगितलं, पण तुलनेला दुसऱ्या गटाची तशी नोंद नव्हती. सव्वीस सत्रं म्हणजे आपल्या आईच्या वेळापत्रकात तीन महिने. या तीन महिन्यांची फी, रिक्षा, अर्ध्या दिवसाच्या रजा आणि घरी राहिलेल्या धाकट्या भावंडाचा रडवेला चेहरा पाहता, हा निष्कर्ष सेंटरच्या भिंतीवर लावायला हरकत नसावी.

मी झोपाळ्याच्या विरोधात नाही. मुलाला आनंद होतो, थेरपिस्टशी सूत जुळतं, झोका घेऊन आलेलं मूल पुढची दहा मिनिटं टेबलाशी बसतं, हे मोलाचंच आहे. माझा आक्षेप झोपाळ्यालाच उपचार समजण्याला आहे.

मग काम कशानं होतं? हस्ताक्षराचं उदाहरण घेऊ, कारण मराठी घरात ओटीकडे धाडण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण. आपली सहजप्रवृत्ती सांगते : आधी बोटांत ताकद आणा, मग अक्षर आपोआप सुधारेल. म्हणून मुलाला माती मळायला देतात, मणी ओवायला देतात, चिमट्यानं कापूस उचलायला लावतात. २०११ मध्ये कॅनडाच्या व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात हस्ताक्षराच्या उपचारांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. निष्कर्ष असा, की ज्या उपचारांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता ते निष्प्रभ ठरले आणि सरावाची सत्रं वीसपेक्षा कमी असली तरीही निष्प्रभ. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण पोरांना सांगत आलो आणि उपचारांच्या बाबतीत स्वतः विसरलो. मटार सोलून मटार सोलायचं कसब येतं. कणीक मळून कणीक मळायचं येतं. ही कामं मुलांनी जरूर करावीत, घरातल्या कामात सहभाग असणं ही स्वतंत्र आणि फार चांगली गोष्ट आहे. पण त्यांतून 'क्ष' सुधारेल अशी आशा धरू नये.

शिवाय आपल्या 'क्ष'ची गोष्ट वेगळी आहे. लिहायला शिकवण्याच्या बऱ्याचशा पद्धती रोमन लिपीसाठी तयार झाल्या. रोमन अक्षर खालच्या रेषेवर बसतं, देवनागरी अक्षर वरच्या रेषेला लटकतं. आपल्याकडे अक्षराच्या वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, उजवीकडे काना, डावीकडे ऱ्हस्व वेलांटी. 'कि' मध्ये ध्वनी आधी 'क्'चा, पण कागदावर वेलांटी आधी. मग जोडाक्षरं, आणि शब्द झाल्यावर वरून ओढायची शिरोरेषा, तीही शब्द संपला तिथेच थांबणारी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा सहा वर्षांचं मूल एका तासाला अक्षरं लटकवतं आणि पुढच्या तासाला बसवतं. समन्वयाची अडचण असलेल्या मुलाला हा बदल किती महाग पडत असेल याचा अंदाज शिक्षकांनाही क्वचित असतो. देवनागरीसाठी, आणि दोन लिप्या एकत्र शिकणाऱ्या मुलासाठी स्वतःची, तपासून घेतलेली पद्धत ही इथल्या तज्ज्ञांनी करावी अशी कामगिरी आहे. परदेशी कार्यक्रमाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापेक्षा ती कितीतरी उपयोगी ठरेल.

कॅनडातल्याच हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी विकसित केलेली पद्धत ओंकारसारख्या मुलांसाठी मला विशेष भावते. तिचं सूत्र चार पायऱ्यांचं : काय जमवायचं ते ठरव, बेत कर, करून पाहा, बेत जमला का ते तपास. ठरवायचं मुलानं. थेरपिस्ट उत्तर देत नाही, विचारते : 'चेंडू कुठे गेला? का गेला असेल? आता पाय कुठे ठेवशील?' मूल स्वतःच्या चुकीचा शोध स्वतः लावायला शिकतं आणि ती सवय एका कामापुरती राहत नाही. सायकल शिकायची असेल तर सायकलच चालवायची, बूट बांधायचे असतील तर बूटच. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये बाल-व्यवसायोपचारातल्या असंख्य उपचारांची छाननी केली, तेव्हा पुराव्याच्या कसोटीवर उतरलेल्या यादीत अशीच नावं ठळक होती : ध्येयाधारित सराव, पालकांना मार्गदर्शन, घरी करायचे कार्यक्रम. याच नोव्हाक यांनी २००९ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरी आठ आठवड्यांचा कार्यक्रम करून पाहिला होता. त्या घरांनी महिन्याला सरासरी १७-१८ वेळा, दर वेळी जेमतेम १६-१७ मिनिटं सराव केला आणि मुलांच्या रोजच्या कामांत दिसण्यासारखा फरक पडला.

इथे एक रास्त आक्षेप येतो आणि तो बहुधा आयाच घेतात. 'घरी करून घ्या' हे तीन शब्द आपल्या घरांत शेवटी कोणाच्या माथी पडतात? आईच्याच. तिनं नोकरी सोडलेली असते किंवा अर्ध्या पगारावर आणलेली असते, सासूला वाटतं पोराला उगाच डॉक्टरांकडे नाचवते, नवरा 'फरक काय पडला?' एवढं दर महिन्याला विचारतो. त्यात सेंटरकडून चौदा व्यायामांची झेरॉक्स येते. नाही झाले तर पुढच्या सत्रात थेरपिस्टसमोर मान खाली. आईला फुकटची थेरपिस्ट करणं म्हणजे घरी उपचार नेणं नव्हे. मुलाला आई हवी असते, घरात दुसरी बाई नको असते. चौदा व्यायामांची ती झेरॉक्स फाडून टाकावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

चौदाच्या जागी एकच गोष्ट निवडावी, ती घराला खरोखर खुपणारी असावी, आणि जे काम तसंही रोज होतं त्यातच ती बसवावी. शाळेचा शर्ट रोज घालायचाच असतो. आंघोळीला रोज तांब्यानं पाणी घ्यायचंच असतं. कपडे वाळत घालताना चिमटे लावायला एक माणूस लागतोच. ज्या आईला सकाळची वेळ जमत नाही तिला रविवारची द्यावी, किंवा ते काम आजोबांना द्यावं, ज्यांना वेळ आहे आणि ज्यांच्यावर कोणी चिडत नाही. बापाला सत्राला आत बसवावं, बाहेर खुर्चीवर नव्हे. हे जमवून देणं हीच थेरपिस्टची कसोटी. घराचं वेळापत्रक न विचारता जी 'घरचा कार्यक्रम' देते तिनं त्या घराचं मूल्यमापनच केलेलं नाही.

यातून 'मग थेरपिस्ट कशाला हवी, आजीच पुरे' असा अर्थ काढला तर तो घातक ठरेल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा हात कोणत्या कोनात ठेवायचा, स्प्लिंट केव्हा आणि किती वेळ, गिळताना ठसका लागणाऱ्या बाळाला घास कसला आणि कोणत्या स्थितीत द्यायचा, हे प्रेमानं समजत नाही, त्यासाठी शिक्षण लागतं. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या केंद्रीय कायद्यात व्यवसायोपचाराचा समावेश झाला आहे. तेव्हा सत्र घेणाऱ्या व्यक्तीची पदवी आणि नोंदणी पालकांनी बिनदिक्कत विचारावी. चार दिवसांची कार्यशाळा करून 'थेरपिस्ट' म्हणवणारे गल्लोगल्ली आहेत.

आता शाळा. आपल्या शाळांच्या भिंतीवर 'सुंदर हस्ताक्षर हाच खरा दागिना' हा सुविचार अजून दिसतो. अक्षरावरून माणसाचा स्वभाव, शिस्त, संस्कार सगळं ठरवायची आपली जुनी खोड. वही 'पूर्ण' असणं म्हणजे शिकणं झालं, अशी व्यवस्थाच आहे. फळ्यावरून उतरवून घेणं हे सोपं काम वाटतं, पण मुलाला वर पाहायचं, शब्द डोक्यात धरायचा, नजर खाली आणायची, वहीतली जागा शोधायची, लिहायचं आणि पुन्हा फळ्यावरची तीच ओळ सापडवायची असते. ओंकारचा सगळा तास यात जातो आणि भूगोल बाजूलाच राहतो. त्याला छापील उतारा दिला, पाचऐवजी दोन उत्तरं लिहायला लावली, बाकीची तोंडी घेतली, तर त्याला भूगोल येतो की नाही हे तरी कळेल. यावर शिक्षकांचं ठरलेलं उत्तर : 'एकाला सवलत दिली तर बाकीचे मागतील.' मागू देत. बाकीच्यांनाही कमी उतरवायला लावलं तर कोणाचं शिक्षण बुडणार आहे?

मैदानावर मराठी मुलांनी या प्रश्नाची स्वतःची तोड फार पूर्वीच काढली आहे. लहान किंवा कमी जमणाऱ्या मुलाला खेळात 'कच्चं लिंबू' म्हणून घ्यायचं : तो पळेल, पण आऊट झाला तरी मोजायचा नाही. तोडगा मायाळू आहे. पण त्या मुलाला दोन-चार दिवसांत कळतं की आपल्या असण्या-नसण्यानं डावाला फरक पडत नाही. आपलं समावेशक शिक्षण बऱ्याच ठिकाणी या अवस्थेत अडकलं आहे. हजेरीपटावर नाव आहे, गणवेश मिळाला, वर्गात जागा मिळाली, डाव मात्र त्याच्याशिवाय चालू आहे. व्यवसायोपचार तज्ज्ञ मैदानावर आली तर खेळाचा नियम थोडा हलवेल, म्हणजे लंगडी घालणाऱ्याचं रिंगण लहान करेल किंवा ओंकारला दोन पाय टेकायची मुभा देईल, पण आऊट झाला तर तो आऊटच असेल.

कायद्यानं दार उघडलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर आहे. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं. राज्य मंडळाच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्यांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. बहुतेक हक्कांसाठी मात्र प्रमाणपत्र लागतं, त्यात ४० टक्क्यांची अट येते, आणि ओंकारचा दोष त्या २१ प्रकारांच्या यादीत नावानं नाही. तो ना इकडचा ना तिकडचा. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानं शाळेतल्या व्यवसायोपचाराला शिक्षणाशी जोडलेली सेवा मानलं, त्यामुळे तिथे थेरपिस्ट बऱ्याचदा शाळेची नोकर असते. कॅनडातल्या ओंटारिओत चेरिल मिसिउना यांच्या गटानं त्याही पुढे जाऊन पाहिलं : थेरपिस्ट शाळेत येते, कोणाही मुलाला उचलून वेगळ्या खोलीत नेत नाही, वर्गातच शिक्षकाच्या शेजारी उभी राहते. निदानाची, रेफरलची, प्रतीक्षायादीची वाट पाहत नाही. बाईंना अडतंय ते मूल दिसलं की दोघी मिळून काही करून बघतात. पाटाची युक्ती एकासाठी सुचते आणि लोंबकळणाऱ्या पायांच्या नऊ जणांना लागू पडते.

हे आपल्याकडे परवडणार नाही, असं लगेच म्हटलं जाईल. निदान मुंबईपुरतं तरी ते खरं नाही. केईएम, सायन आणि नायर या तिन्ही रुग्णालयांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत व्यवसायोपचाराचं शिक्षण मिळतं आणि तिन्ही चालवते मुंबई महापालिका. महापालिकेच्याच प्राथमिक शाळा आहेत, ज्यांत सेंटरची पायरी कधीही चढू न शकणाऱ्या घरांची मुलं शिकतात. एकाच कार्यालयाच्या दोन खात्यांनी एकमेकांना पत्र लिहायचं आहे : इंटर्नशिपच्या काळातले काही महिने प्रत्येक विद्यार्थ्याची नेमणूक एखाद्या पालिका शाळेत, वर्गात, एका वरिष्ठ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातही व्यवसायोपचार शिकवतात, तिथे जिल्हा परिषदेची केंद्रं जोडता येतील. इंटर्न अजून शिकाऊच, मुलांवर काय प्रयोग करणार, ही भीती ऐकली आहे. इंटर्न रुग्णालयात आजही रुग्ण हाताळतातच. आणि वर्गात आल्यावर पहिला महिनाभर त्यांना करायचं आहे ते एवढंच, की कोणाचे पाय टेकत नाहीत, कोण डबा न उघडता परत नेतं आणि फळ्याकडे पाहून परत वहीत येईपर्यंत कोण हरवतं, याची यादी बाईंच्या सोबत बसून करायची. त्या यादीला ना प्रमाणपत्र लागतं, ना झोपाळा.